मांसविक्री आणि पशुपालकाचा वांटा
लोपेझ बेटावरील एका सहकारी प्रयोगाची हकीकत

दुधाच्या धंद्यांत सहकार्यानें काय साधतें हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. १९४६ सालीं गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं आपला दूधसंघ स्थापन केला, आणि गोठ्यापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतची वाट दूध काढणाराच्याच ताब्यांत कशी ठेवतां येते याचा धडा साऱ्या देशास घालून दिला. परंतु तोच शेतकरी जेव्हां आपला बोकड किंवा मेंढा विकावयास काढतो, तेव्हां तो आजोबाच्या काळांतच असतो. दूध मापानें जातें व त्यांतील स्निग्धांश पाहून दर ठरतो. बोकड मात्र बहुतेक ठिकाणीं नजरेनें जातो. आठवड्याच्या बाजारांत व्यापारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवितो, कमरेजवळ दाबून पाहतो, मनांत वजन बांधतो आणि नगास किंमत सांगतो. वजन बांधण्यांत त्याचा जन्म गेलेला असतो. विकावयास आलेल्या बाईनें मात्र वर्षांत दोनतीनच नग विकलेले असतात, आणि घरीं मुलाच्या फीची किंवा औषधपाण्याची नड असते म्हणूनच ती त्या दिवशीं बाजारांत उभी असते. अशा सौद्यांत चूक कोणाच्या अंगावर पडते हें उघड आहे.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब पाहूं. बोकडाचें खरें वजन २५ किलो आहे आणि व्यापाऱ्यानें तें २२ किलो धरलें, असें समजा. शेळीच्या जातींत जिवंत वजनाच्या सुमारें निम्में, किंवा त्याहून थोडें कमी, मटण निघतें. म्हणजे या एका सौद्यांत सव्वा ते दीड किलो मटण शेतकऱ्यानें व्यापाऱ्यास नजर केलें. शहरांतील ज्या गृहस्थानें तें मटण विकत घेतलें त्यास या चुकीचा कांहींच लाभ झाला नाहीं, कारण दुकानांत तेंच मटण काट्यावर मोजून दिलें जातें. घेतांना नजर आणि विकतांना काटा, या दोहोंमधील अंतरांत पशुपालकाचा बराचसा नफा बुडतो.

यावर सुचविला जाणारा उपाय असा कीं, शेतकऱ्यानें थेट गिऱ्हाइकास विकावें. सल्ला चांगला आहे. पण भाजीपाला आणि मांस यांत एक मूलभूत भेद आहे, तो सल्ला देणारे विसरतात. गवार तोडली कीं ती भाजीच असते. शेतकरी ती टोपलींत घालून गिऱ्हाइकाच्या दारीं नेऊं शकतो. बोकड आणि मटण यांच्यामध्यें मात्र एक टप्पा आहे. जनावराची तपासणी, कत्तल, सोलणें, थंड करणें, तुकडे करणें हीं सारीं कामें त्या टप्प्यावर होतात. त्यासाठीं जागा लागते, पाणी लागतें, कसब लागतें आणि कायद्याची परवानगी लागते. हा मधला टप्पा ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं भाव राहतो. एकट्या शेतकऱ्यास तो हातीं घेतां येत नाहीं. तेथें भागीदारीच पाहिजे. ही गोष्ट ज्या ठिकाणीं अत्यंत स्पष्टपणें दिसून आली, त्या अमेरिकेंतील एका लहानशा बेटाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

बेटावरील अडचण

अमेरिकेच्या वायव्य टोंकास वॉशिंग्टन नांवाचें राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यालगत सान हुआन बेटांचा समूह असून लोपेझ हें त्यांपैकीं एक बेट होय. मुख्य भूमीशीं त्याचें दळणवळण मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटीनें चालतें. तेथील शेतकरी कुरणांवर मेंढ्या, गुरें व डुकरें पाळतात. गिऱ्हाइकांची वाण नव्हती. बेटावरचे रहिवासी होते, उन्हाळ्यांत येणारे प्रवासी होते, आणि समुद्रापलीकडे सिअ‍ॅटलसारखें मोठें शहर होतें. जनावर होतें, घेणारा होता. मधला टप्पा तेवढा नव्हता.

अमेरिकेंत मांसतपासणीचा कायदा १९०६ सालीं झाला. शिकागो येथील मांसाच्या कारखान्यांतील घाणीचें वर्णन अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरींत त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि त्यामुळें उठलेला लोकक्षोभ हें त्या कायद्याचें एक मोठें कारण होतें. या व्यवस्थेप्रमाणें विक्रीचें मांस ज्या जनावरापासून निघावयाचें, तें कत्तलीपूर्वीं जिवंतपणीं व कत्तलीनंतर अवयव उघडे करून, सरकारी तपासनीसानें पाहिलेलें असलें पाहिजे; आणि तें काम मान्यता मिळालेल्या जागींच झालें पाहिजे. कायदा गिऱ्हाइकाच्या हिताचाच होता. पण लोपेझ बेटावर अशी जागाच नव्हती. तेव्हां शेतकऱ्यानें चार मेंढ्या विकावयाच्या म्हटल्या, तर त्या गाडींत भरून फेरीबोटीवर चढवावयाच्या, मुख्य भूमीवरील कत्तलखान्यापर्यंत न्यावयाच्या, आणि मांस तयार झालें कीं तें आणावयास पुनः तोच प्रवास करावयाचा. जनावरांचे हाल होत ते निराळेच. शिवाय मोठ्या कत्तलखान्यांस अशा चार-चार मेंढ्यांचें गिऱ्हाईक नकोसें असतें.

कायद्यांत एक सवलत होती. मालकानें आपल्या घरच्या वापरापुरतें आपलें जनावर कापून घेतलें, तर सरकारी तपासणीची सक्ती नाहीं. मात्र त्या मांसावर ‘विक्रीसाठीं नाहीं’ असा शिक्का बसतो. या सवलतीचा आधार घेऊन तेथील शेतकरी जिवंत जनावरच दोन किंवा चार कुटुंबांस मिळून आधीं विकून टाकीत, आणि मग तीं कुटुंबें आपापला अर्धा किंवा चौथा हिस्सा कापून नेत. आपल्या खेड्यांत चार घरें मिळून बोकड घेतात व त्याचे वांटे घालतात, तोच हा प्रकार. तो सोईचा खरा. पण त्यास मर्यादा आहे. गाईचा चौथा हिस्सा म्हणजे अर्धशतकाहून अधिक किलो मांस. तें ठेवण्यास घरीं मोठा फ्रीझर पाहिजे आणि एकरकमी पैसे पाहिजेत. ज्यास रविवारपुरतें किलोभर मांस हवें त्यास, भोजनगृहास किंवा दुकानदारास असें मांस घेतां येत नाहीं. म्हणजे गिऱ्हाइकांपैकीं मोठा वर्ग बाहेरच राहतो.

तिघांची भागीदारी

येथें एक अशी संस्था पुढें आली कीं जिचा कत्तलखान्याशीं वरवर पाहतां कांहींच संबंध नव्हता. लोपेझ कम्युनिटी लँड ट्रस्ट हा न्यास १९८९ सालीं स्थापन झाला. बेटावर बाहेरच्या धनिकांनीं जागा घेण्यास आरंभ केल्यामुळें जमिनीचे भाव इतके चढले कीं, तेथें राबणाऱ्या माणसांस घर बांधणें अशक्य झालें. म्हणून जमीन न्यासाच्या मालकीची ठेवून तीवर सामान्य माणसांस परवडतील अशीं घरें उभारणें हें त्याचें मुख्य काम. परंतु ज्या बेटावरील शेतकऱ्याचा माल खपत नाहीं तेथें शेतजमीनहि अखेर बंगल्यांसाठींच विकली जाणार. जमिनीचा प्रश्न आणि बाजाराचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले असतात. न्यासानें शेतकऱ्यांच्या अडचणींत हात घातला तो या दृष्टीनें योग्यच होता.

जनावर कत्तलखान्याकडे नेतां येत नसेल, तर कत्तलखाना जनावराकडे न्यावा, असा विचार निघाला. ट्रकामागें जोडून ओढावयाची एक लांब बंद गाडी तयार करण्यांत आली. तिचे तीन भाग केले. एका भागांत जनावर वर उचलून घेण्याची व सोलण्याची व्यवस्था, दुसऱ्या भागांत शीतगृह, आणि तिसऱ्या भागांत यंत्रें, पाणी व हत्यारें. २००२ सालीं या गाडीचें काम मध्यवर्ती सरकारच्या शेतकी खात्याच्या तपासणीखालीं सुरू झालें. अशा तपासणीखालीं चालणारा फिरता कत्तलखाना अमेरिकेंत हा पहिलाच होय.

परंतु आमच्या मतें गाडीपेक्षां तिच्यामागील व्यवस्था अधिक लक्षांत घेण्यासारखी आहे. गाडी न्यासानें मिळविली. ती चालविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं ‘आयलंड ग्रोन फार्मर्स को-ऑपरेटिव्ह’ नांवाची सहकारी संस्था काढली, न्यासाकडून गाडी भाड्यानें घेतली, आणि कसबी खाटीक पगारावर नेमले. तपासनीस सरकारनें दिला. सपाट व टणक जागा, स्वच्छ पाणी आणि निरुपयोगी भागांचें कंपोस्ट करण्याची सोय हें शेतकऱ्यानें पाहावयाचें. गाडी शेतावर येते. तपासनीस जनावर चालतांना पाहतो, कत्तलीनंतर काळीज, फुप्फुसें वगैरे तपासतो, आणि निर्दोष असल्यास शिक्का मारतो. धडें शीतगृहांत टांगून मुख्य भूमीवरील बो या गांवीं संस्थेच्या जागीं नेण्यांत येतात, आणि तेथें तुकडे करून, बांधून, चिठ्ठी लावून तयार होतात.

यानंतर काय होतें तें विशेष महत्त्वाचें आहे. तें मांस संस्था विकत घेत नाहीं. मजुरी घेऊन तें ज्याचें त्यास परत देते. शेतकरी आपल्या नांवानें, आपण ठरविलेल्या भावानें, शेतावर, आठवड्याच्या बाजारांत किंवा भोजनगृहास विकतो. संस्थेनें मधला टप्पा तेवढा सामाईक केला. जनावराची निगा आणि गिऱ्हाइकाची ओळख हीं दोन्ही टोकें ज्याचीं त्याच्याकडेच राहूं दिलीं. त्यामुळें चांगलें जनावर वाढविणाऱ्यास त्याचें फळ मिळतें, आणि वाईट माल दुसऱ्याच्या नांवाखालीं लपत नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, या शेतकऱ्यांनीं कायद्यांतून सूट मागितली नाहीं. लहान असूनहि मोठ्या कारखान्यांची तपासणी त्यांनीं आपल्या मालास लावून घेतली. गिऱ्हाइकाचा विश्वास मिळविण्याचा याहून सरळ मार्ग नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे

मांसाचा मधला टप्पा शेतकऱ्यांनीं आपल्या हातीं घ्यावा ही कल्पना डेन्मार्कांत शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं अमलांत आली. १८८७ सालीं जर्मनीनें रोगाच्या कारणावरून डेन्मार्कचीं जिवंत डुकरें घेणें बंद केलें. तेव्हां जिवंत जनावर विकण्यावर अवलंबून राहणें किती धोक्याचें आहे हें डेन्मार्कच्या शेतकऱ्यांस कळून आलें, आणि त्याच वर्षीं हॉर्सेन्स या गांवीं त्यांचा पहिला सहकारी कत्तलखाना निघाला. तेथें तयार झालेला माल इंग्लंडांत जाऊं लागला. तेथील सहकारी चळवळीचा नियम असा कीं, मतें मोजावयाचीं तीं माणसांच्या डोक्यांवरून, जनावरांच्या डोक्यांवरून नव्हे. दोन डुकरांचा धनी आणि दोनशें डुकरांचा धनी सभेंत सारखेच.

उलट हा टप्पा थोड्यांच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, हें २०२० सालीं अमेरिकेंतच दिसून आलें. त्या देशांत कत्तलीसाठीं पोसलेल्या गुरांपैकीं सुमारें ८५ टक्के गुरें चार कंपन्यांच्या कारखान्यांतून जात. करोनाच्या साथींत कामगार आजारी पडून त्यांतील अनेक कारखाने कांहीं काळ बंद झाले. एकीकडे दुकानांतील मांस तुटलें, आणि दुसरीकडे घेणारा नाहीं म्हणून शेतकऱ्यांवर पोसलेलीं डुकरें मारून पुरण्याची पाळी आली. ज्यांचा जवळच्या लहान कत्तलखान्याशीं संबंध होता त्यांजकडे मात्र गिऱ्हाइकांची रीघ लागली, आणि त्या लहान कत्तलखान्यांच्या तारखा महिनोन्‌महिने आधीं भरून गेल्या. १९०६ सालचा धडा स्वच्छतेचा होता. २०२० सालचा धडा एकाच वाटेवर सारा व्यापार सोंपविण्याच्या धोक्याचा होता. पुढें २०२२ च्या जानेवारींत तेथील सरकारनें स्वतंत्र व लहान मांस-उद्योगांच्या वाढीसाठीं १०० कोटि डॉलरांची योजना जाहीर केली.

दुसरी बाजू

लोपेझचें उदाहरण पाहून इतर राज्यांतहि फिरते कत्तलखाने निघाले. त्यांतील कांहीं चालले, कांहीं बंद पडले. बंद पडण्याचीं कारणें वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावीं. गाडी तीन जनावरांसाठीं निघाली काय किंवा तीस मेंढ्यांसाठीं निघाली काय, खाटकांचा पगार, इंधन व हप्ता तेवढाच पडतो. गवतावर वाढलेलीं जनावरें शरदऋतूंत एकदमच तयार होतात; त्या वेळीं गाडी पुरत नाहीं, आणि पुढें कित्येक महिने ती उभी राहते. कसबी खाटीक मिळणें कठीण, आणि मिळाल्यावर टिकणें त्याहून कठीण. एखादा सभासद दुसरीकडे चार पैसे स्वस्त दिसले कीं जनावर तिकडे नेतो, आणि मग उरलेल्यांवर खर्चाचा बोजा वाढतो. शेवटची अडचण खुद्द जनावराच्या अंगांत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकास कमरेचें व पाठीचें मऊ मांस हवें. पण जनावर सारें कमरेचेंच नसतें. उरलेलें कोणास विकावयाचें हें आधीं ठरलेलें नसेल, तर नफा फ्रीझरांत गोठून राहतो.

यावरून निष्पन्न होतें तें हें कीं, गाडी किंवा इमारत हा आरंभ नव्हे. किती सभासद, कोणत्या महिन्यांत, किती जनावरें देणार, याचा लेखी करार हा खरा आरंभ होय.

आपल्याकडे काय करतां येईल

२०१९ सालच्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें १ कोटि ६ लक्ष शेळ्या व सुमारें २७ लक्ष मेंढ्या आढळल्या. आमचें पुढील विवेचन या दोन जनावरांपुरतेंच आहे. उस्मानाबादी, संगमनेरी, कोंकण कन्याळ अशा नांवाजलेल्या जाती आपल्याकडे आहेत; पण दुकानांत टांगल्यावर त्या सर्वांचें एकच नांव होतें, ‘मटण’. जातीचा गुण वाढविणाऱ्याच्या पदरांत पडत नाहीं.

कायद्याची वाट बंद नाहीं. २००२ सालच्या दुरुस्तीनें उत्पादकांची कंपनी काढण्याची सोय झाली. दहा शेतकरी एकत्र आले कीं ती निघते, आणि तींतहि व्यक्तिशः सभासदांस डेन्मार्कप्रमाणें माणशीं एकच मत आहे. मांसविक्रीस २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं परवाना लागतो. २००१ सालच्या नियमांप्रमाणें नगरपालिकेच्या हद्दींत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कत्तल करतां येत नाहीं. जनावर योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आंतील पिलूं, किंवा जिचें पिलूं तीन महिन्यांहून लहान आहे अशी मादी कापतां येत नाहीं. एका पशुवैद्यानें तासास १२ आणि दिवसास ९६ यांहून अधिक जनावरें तपासूं नयेत असाहि नियम आहे. यास कोणी अडथळा म्हणेल. आम्हांस त्यांत सोय दिसते. एक पशुवैद्य, एक स्वच्छ जागा आणि आठवड्याचे दोन दिवस एवढ्यावर लहानशा उत्पादक कंपनीचें काम सहज भागेल.

तेव्हां फिरत्या गाडीचा मोह तूर्त बाजूस ठेवून आमच्या शेतकरी बंधुभगिनींनीं पुढील क्रमानें चालावें अशी आमची सूचना आहे.

पहिली वस्तु वजनकाटा. गांवांत सामाईक काटा ठेवावा आणि प्रत्येक जनावर बाजारास जाण्यापूर्वीं तोलावें. यास परवाना नको, भांडवलहि फारसें नको. आणि व्यापाऱ्यासच विकावयाचें झालें तरी वजन ठाऊक असलेला माणूस सौद्यांत निराळ्या तोंडानें बोलतो.

दुसरें, वेतांची आंखणी. आपल्याकडील मागणीस स्वतःचें पंचांग आहे. चैत्र-वैशाखांतील जत्रा, बकरी ईद व आषाढाची अखेर या वेळीं मागणी चढते, श्रावणांत उतरते. आठवड्यांत रविवार हा मुख्य वार. सर्वांच्या शेळ्या एकदमच न वितां पाळीपाळीनें पिलें तयार होतील असें पाहिलें, तर लोपेझच्या शेतकऱ्यांस भोंवलेली अडचण बऱ्याच अंशीं टळेल.

तिसरें, खाटकाशीं भागीदारी. दलाल आणि खाटीक यांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें आहे. खाटकाजवळ पिढ्यांचें कसब आहे, दुकान आहे आणि गिऱ्हाइकांची ओळख आहे. त्यास वगळून थेट विक्री करूं पाहणारी संस्था पहिल्याच रविवारीं फसेल. त्यास ठरीव मजुरी आणि नफ्यांत हिस्सा देऊन भागीदार करावें. तालुक्याच्या गांवीं नगरपालिकेचा कत्तलखाना असल्यास नवा बांधण्याऐवजीं त्याचेच ठरावीक तास मागून घ्यावे.

चौथें, आगाऊ मागणी. आपल्या गिऱ्हाइकास थंड करून ठेवलेल्या मांसाचा भरंवसा वाटत नाहीं. त्यास ताजें व डोळ्यांदेखत हवें. ही अडचण आहे तसाच फायदाहि आहे, कारण त्यामुळें मोठ्या शीतगृहाचा खर्च वांचतो. शनिवारपर्यंत मागणी नोंदवावी, रविवारीं सकाळीं तेवढेच नग कापावे, आणि खेड्यांतील रीतीप्रमाणें वांटे घालावे. फरक इतकाच कीं प्रत्येक वांटा काट्यावर तोललेला असावा व त्यावर पशुपालकाच्या गांवाचें नांव असावें. उरलेल्या भागांविषयीं आपली स्थिति अमेरिकेपेक्षां बरी आहे. मुंडी, पाय, वजडी, कलेजी यांस आपल्याकडे आवडीनें घेणारे लोक आहेत. यांचा व कातड्याचा हिशेब मात्र वेगळा ठेवून तो सभासदांस दाखवावा. आज तो पशुपालकाच्या कानींहि पडत नाहीं.

हें सर्व एका वर्षांत होईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण पहिली पायरी उद्यां सकाळीं चढतां येण्यासारखी आहे. ज्या बाईस येत्या बाजारीं बोकड विकावयाचा आहे, तिनें तो आधीं आपल्या दारांत तोलून पाहावा, आणि तो आंकडा मनांत धरून मगच बाजाराची वाट धरावी.